गोठ्यातला मार आणि गोठ्यातला खोकला : जनावरांपासून होणाऱ्या इजा आणि ॲलर्जी

धारा आटोपल्या असतील, नाहीतर धार काढता काढताच ऐकत असाल. आपले बरेच श्रोते मोबाइल गव्हाणीवर ठेवून हा पॉडकास्ट ऐकतात, हे मला माहीत आहे. तर आज थोडं कान देऊन ऐका, कारण विषय तुमच्या अगदी समोर बांधलेला आहे.

आजवर आपण जनावरांच्या आजारांवर बोललो. आज जनावरांमुळे माणसाला काय काय होतं, त्यावर बोलायचं आहे. लाथ, ढुशी, दोरीत अडकलेला हात, डोळ्याला लागलेली शेपटी, हा एक भाग. आणि अंगावर उठणाऱ्या गांधी, वाहणारं नाक, न थांबणारा खोकला, धाप, हा दुसरा. पहिल्या भागावर गावात सगळेच बोलतात. दुसऱ्यावर कुणीच बोलत नाही.

मी पशुवैद्यक आहे. सांगोला-आटपाडी भागात वीस वर्षं गोठ्यागोठ्यातून फिरतोय. पण आजचा विषय मी दवाखान्यात शिकलो नाही, घरात शिकलो. आधी ते सांगतो.

आमच्या अण्णांच्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धंच आहे. मी नववीत असताना खिल्लार बैल पाण्यावर नेत होते. कासऱ्याचे दोन वेढे हाताला घेतलेले. मागून ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला, बैल बुजला, आणि एका हिसक्यात बोट गेलं. पाच मिनिटांत अर्धी वाडी जमा झाली, जीप निघाली, तासाभरात अण्णा तालुक्याच्या दवाखान्यात होते. आजही पाहुणा आला की त्या बोटाची गोष्ट निघतेच.

आता आईचं ऐका. आईला खोकला होता. संध्याकाळी धारेला बसली की सुरू व्हायचा आणि रात्री झोपेपर्यंत चालायचा. अकरा वर्षं. कुणी जीप काढली नाही. कुणी विचारलंही नाही. ‘चुलीचा धूर’, ‘थंडी’, ‘वय झालं’, असं म्हणून विषय संपायचा. आणि मी, जनावरांचा डॉक्टर, ओसरीवर चहा पीत तो खोकला रोज ऐकत होतो.

जनावराचा दिसणारा मार आपण लगेच दवाखान्यात नेतो. न दिसणारा मार ‘सवयीचं आहे’ म्हणून अंगावर काढतो. आज दोन्हींबद्दल बोलूया.

जनावर का मारतं?

लाथ बसली की आपण म्हणतो, गाय मारकी आहे. काही असतातही. पण मी पाहिलेल्या बहुतेक अपघातांत जनावर चिडलेलं नव्हतं, दचकलेलं होतं.

गाई-म्हशींचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता त्यांना ३०० अंशांपेक्षा जास्त परिसर दिसतो. आपल्याला त्याच्या दोन तृतीयांशही दिसत नाही. पण तिच्या नजरेला दोन आंधळ्या जागा आहेत. एक अगदी पाठीमागे, शेपटीच्या रेषेत. दुसरी छोटी, नाकपुडीच्या पुढ्यात. शिवाय खोलीचा अंदाज तिला नीट येत नाही. म्हणून जमिनीवर पडलेली सावली, वाऱ्याने हलणारी प्लॅस्टिकची पिशवी, चमकणारं डबकं, एवढ्यानंही ती थबकते किंवा उडते.

म्हणजे तुम्ही मागून, आवाज न करता गेलात आणि कासेला हात लावला, तर तिच्या दृष्टीने अचानक कुठूनतरी काहीतरी चिकटलं. ती लाथ झाडणारच.

आता लाथ कुठे बसते? घोडा सरळ मागे लाथ मारतो. गाईची लाथ अर्धगोलात येते, पुढून बाजूला आणि मग मागे. म्हणून ‘मी मागे उभाच नव्हतो, बाजूला होतो’ असं सांगणाऱ्याच्याच मांडीवर किंवा गुडघ्यावर वळ असतो. गाईच्या मागच्या पायाशेजारी, हातभर अंतरावर उभं राहणं ही सगळ्यात वाईट जागा. एकतर अगदी अंगाला चिकटून उभं राहा, म्हणजे लाथेला जोर मिळत नाही, नाहीतर चांगलं लांब राहा.

जवळ जाताना खांद्याच्या बाजूने जा. आधी नाव घ्या, चुचकारा, मग हात ठेवा आणि हात अंगावरून न उचलता मागे न्या. आपल्या आज्या हेच करायच्या. गाईशी बोलल्याशिवाय धारेला बसायच्या नाहीत. आपल्याला ती माया वाटायची. ती माया होतीच, पण त्यात शहाणपणही होतं.

कुठे आणि केव्हा लागतं?

पाच प्रसंग सांगतो. वीस वर्षांत मी पाहिलेल्या जखमा बहुतेक यांतल्याच.

पहिला, दोरी. दावं, कासरा, म्होरकी, काहीही असो, ते हाताला गुंडाळायचं नाही. बोटात अडकवायचं नाही. कमरेला तर कधीच नाही. चांगला वाढलेला बैल किंवा दुभती म्हैस चारशे-पाचशे किलोंच्या घरात असते. ती उधळली तर तुम्ही धरून ठेवणार आहात का? नाही ना? मग दोरी अशी धरा की मूठ उघडली की सुटली. जास्तीची दोरी हातात घडी करून धरा, वेढा घेऊ नका. आणि जनावरांत काम करताना अंगठी काढून ठेवा. दोरी अंगठीत अडकली तर बोटाची कातडी मोज्यासारखी उतरते.

दुसरा, भिंत. गोठ्यात जागा कमी असते. आपण भिंत आणि जनावर यांच्या मधल्या फटीत शिरतो. जनावर चिडलेलं नसतं, फक्त एक पाऊल सरकतं आणि आपल्या बरगड्या भिंतीला लागतात. वैरण टाकायला, पाणी पाजायला गव्हाणीच्या पलीकडून वाट ठेवता आली तर ठेवा. आत शिरावंच लागलं तर बाहेर पडायची बाजू आधी बघून ठेवा.

तिसरा, व्यायलेली गाय. एरवी लेकराच्या हातून चारा खाणारी गाय व्यायल्यावर दोन-चार दिवस वेगळीच असते. वासराला उचलायला गेलात तर ढुशी बसणार. पहिलारू कालवडीला तर धारेचीच सवय नसते. कास सुजलेली, सड दुखरे, त्यात नवा हात. ती लाथ झाडते ती वेदनेमुळे. आणि एरवी शांत असलेली गाय एकाएकी लाथ मारू लागली, तर आधी कासदाह किंवा सडाला चीर आहे का ते बघा. मारून काही उपयोग नाही.

चौथा, सणाचा दिवस. आमच्याकडे आषाढात बेंदूर, इतर बऱ्याच ठिकाणी श्रावणाच्या शेवटी पोळा. वर्षभर शांत शेतात राहणारा बैल त्या दिवशी झूल, घुंगरं, रंगवलेली शिंगं, वाजंत्री, फटाके आणि गर्दी यांच्या मधोमध उभा असतो. त्यातच पोरं सेल्फीसाठी शिंगाजवळ जातात. मान खाली, कान मागे, नाकातून फुसकारा, पायाने माती उकरणं, किंवा अंग आडवं करून दाखवणं, ही बैलाची स्पष्ट ताकीद आहे. ती दिसली की पाठ फिरवून पळायचं नाही. त्याच्यावर नजर ठेवून, तिरकं मागे सरायचं.

पाचवा प्रसंग किरकोळ वाटतो, म्हणून सगळ्यात फसवा. शेपटी. माशा वारताना गाय शेपटी फिरवते, ती शेणामातीची शेपटी डोळ्यावर फटकन बसते. बुबुळावर बारीक ओरखडा उठतो. त्या ओरखड्यातून बुरशी आत शिरली तर बुबुळावर पांढरा डाग पडून नजर जाऊ शकते. शेतकऱ्यांच्या डोळ्यांत बुरशी होण्याची कारणं काढली, तर उसाचं पातं, भाताचं कूस यांच्या यादीत गाईची शेपटीही असते.

लागल्यावर काय करायचं, काय नाही?

जखम कुठलीही असो, आधी वाहतं पाणी आणि साबण. भरपूर. मग स्वच्छ कापड.

काय लावायचं नाही? शेण, माती, तंबाखू, चुना, राख. मी हे कुणाच्या श्रद्धेवर बोट ठेवायला सांगत नाही. धनुर्वाताचे जंतू जनावरांच्या शेणात आणि गोठ्याच्या मातीत बीजरूपाने वर्षानुवर्षं टिकतात. आपणच ते जखमेत भरतो. खोल, टोचलेली, चिरडलेली जखम असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. मागचा डोस कधी झाला, हे मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा. गाईच्या लसीकरणाची तारीख आपल्याला पाठ असते, स्वतःची नसते.

बोट तुटलं तर? जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा, हात वर ठेवा. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवून सोबत न्या. थेट बर्फात ठेवायचा नाही. जोडता येईल की नाही ते सर्जन ठरवतील. अण्णांचं बोट मातीत तसंच राहिलं होतं, कुणाला सुचलंच नाही.

पोटावर किंवा छातीवर लाथ बसली असेल तर वरून काही दिसत नाही म्हणून गाफील राहू नका. आत प्लीहा किंवा यकृत फाटून हळूहळू रक्त जात असतं. माणूस तासभर बरा वाटतो, मग पांढरा पडतो, थंड घाम येतो, नाडी पळायला लागते, पोट ताठरतं, कधी खांद्याच्या टोकाला दुखतं. असं काही वाटलं तर त्याला चहा-पाणी न देता, आडवं झोपवून थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. डोक्याला लागल्यावर उलटी, गुंगी, बरळणं सुरू झालं तरी तसंच. १०८ क्रमांक भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

डोळ्याला लागलं तर चोळू नका. दूध, मध, तूप घालू नका. औषधाच्या दुकानातून ‘लाल डोळ्याचे थेंब’ स्वतःहून आणू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर बुरशीला मोकळं रान मिळतं. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

आणि एक गोष्ट खास लक्षात ठेवा. गाय लाळ गाळतेय, गिळत नाही, आवाज बदललाय, तर आपल्याला वाटतं घशात काहीतरी अडकलं. आपण बाही वर सारून हात घशात घालतो. थांबा! पिसाळलेल्या जनावराचीही हीच लक्षणं असतात. कुत्रं चावल्याची जखम कधीच भरून गेलेली असते, कुणाच्या लक्षातही नसते. आधी पशुवैद्यकाला बोलवा. हात घालून झाला असेल आणि हातावर ओरखडे असतील, किंवा लाळ डोळ्यात-तोंडात गेली असेल, तर पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल विचारा. ठरलेले सगळे डोस पूर्ण करा. हा आजार एकदा दिसू लागला की जवळपास कुणी वाचत नाही. लस वेळेवर घेतली तर मात्र तो टळतो.

आता दुसरा मार : ॲलर्जी

आता आईच्या खोकल्याकडे येतो.

ॲलर्जी म्हणजे आपल्या शरीराचा पहारेकरी चुकतो. निरुपद्रवी गोष्टीला तो शत्रू समजतो आणि हल्ला चढवतो. गोठ्यात ही गोष्ट कोणती? बहुतेकांना वाटतं केस. खरं म्हणजे केसांपेक्षा त्वचेचा कोंडा, घाम, लाळ, मूत्र यांतली प्रथिनं. गाईच्या कोंड्यातलं एक प्रथिन तर शास्त्रज्ञांनी नाव देऊन ओळखलंय, ‘बॉस डी २’. हे कण इतके बारीक असतात की खरारा केला, झाडलोट केली की हवेत तरंगत राहतात आणि आपल्या कपड्यांबरोबर घरात, अंथरुणापर्यंत जातात.

फिनलंडसारख्या देशात थंडीमुळे गाई महिनोन्‌महिने बंद गोठ्यात असतात. तिथे गाईच्या कोंड्यामुळे होणारा दमा हा व्यवसायातून होणारा आजार म्हणून कित्येक वर्षांपासून नोंदला जातो. आपल्याकडे गोठे उघडे असतात हे खरं. पण आता बंदिस्त पत्र्याचे गोठेही वाढलेत, आणि पावसाळ्यात आपण चारी बाजूंनी ताडपत्री लावतो. हवा कोंडली की कोंडाही कोंडला.

लक्षणं तीन ठिकाणी दिसतात. त्वचेवर, नाका-डोळ्यांत, छातीत.

त्वचेवर काय होतं? धार काढून झाल्यावर मनगटावर, कोपरापर्यंत गांधी उठतात, खाज सुटते, तासा-दोन तासांत उतरतात. काहींना बोटांच्या बेचक्यांत कायमचे भेगाळलेले चट्टे राहतात. मला स्वतःला हे आहे. अडलेल्या गाईचं वासरू ओढून काढलं आणि गर्भजल उघड्या हाताला लागलं की दहा मिनिटांत हात लाल होतो. पशुवैद्यकांत ही तक्रार जुनी आहे. आता मी खांद्यापर्यंतचे हातमोजे घातल्याशिवाय हात घालत नाही. तुम्हीही घालू नका. गाभडलेल्या गाईची वार काढताना तर अजिबात नाही, कारण तिथे ॲलर्जीपेक्षा मोठा धोका ब्रुसेलोसिसच्या जंतूंचा असतो.

नाका-डोळ्यांत म्हणजे शिंका, पाणी, डोळे चुरचुरणं. आणि छातीत म्हणजे कोरडा खोकला, छाती आवळणं, शिट्टीसारखा आवाज, रात्री धाप.

एक लक्षात घ्या. कोंड्याची ॲलर्जी वेगळी, दुधाची ॲलर्जी वेगळी, आणि दूध न पचणं हे आणखी तिसरंच. गोठ्यात शिंका येणारा माणूस बहुतेक वेळा दूध, ताक, तूप निवांत पिऊ-खाऊ शकतो. उगाच बंद करू नका.

गाय निर्दोष, वैरण दोषी

पुष्कळदा दोष गाईचा नसतो, वैरणीचा असतो. भिजलेला कडबा, बुरशी चढलेली गंजी, तापलेला भुसा. त्यात बुरशी असते, उष्णतेत वाढणारे जंतू असतात, डोळ्यांना न दिसणारे वैरणीतले बारीक किडे असतात. कडबाकुट्टी सुरू केली की हा सगळा फवारा थेट तोंडावर.

यातून एक वेगळाच आजार होतो, त्याला ‘शेतकऱ्याचं फुप्फुस’ म्हणतात. १९३२ साली कॅम्पबेल नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी बुरसटलेल्या गवतात काम करणाऱ्या मजुरांमध्ये त्याचं वर्णन केलं. यात लक्षणं लगेच येत नाहीत. सकाळी वैरण उपसली की चार ते आठ तासांनी थंडी वाजते, ताप येतो, अंग मोडून येतं, खोकला, धाप. दोन दिवसांत आपोआप उतरतं. आपण म्हणतो, व्हायरल होता. पुन्हा वैरण, पुन्हा ‘व्हायरल’. असं वर्षानुवर्षं चाललं तर फुप्फुस आतून कडक होत जातं, आणि ते परत मऊ होत नाही.

त्यात भर म्हणून संध्याकाळी डासांसाठी आपण गोवऱ्या आणि कडुलिंबाच्या पाल्याची धुरी करतो. गाईला बरं वाटतं, पण ज्याची छाती आधीच चिडलेली आहे त्याला तो धूर सोसत नाही.

ओळखायचं कसं?

महागड्या तपासणीआधी एक वही करा. लक्षण कधी सुरू झालं? त्याआधी काय केलं? धार, खरारा, वैरण, औषधफवारणी? किती वेळाने त्रास झाला? आणि सगळ्यात मोठा प्रश्न : लेकीकडे किंवा पंढरीच्या वारीला आठ-पंधरा दिवस गेलात तेव्हा बरं वाटलं का?

आईच्या बाबतीत हेच झालं. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला ती पुण्यात तीन आठवडे राहिली. फोनवर बहीण म्हणाली, ‘दादा, आई खोकतच नाही रे.’ मी दवाखान्यात एका म्हशीला सलाइन लावत उभा होतो. तिथेच खाली बसलो. अकरा वर्षांत हा प्रश्न मी प्रत्येक गाईच्या मालकाला विचारला होता, ‘जागा बदलली की फरक पडतो का?’ आईला कधी विचारला नव्हता.

ती वही घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा. ते फुंकर मारायची तपासणी करतील, जरूर तर त्वचेवर किंवा रक्तात ॲलर्जीची तपासणी. आईला फुंकर मारायला लावली, तेव्हा निदान झालं : दमा, गाईचा कोंडा आणि वैरणीची धूळ यामुळे चिडणारा. डॉक्टर म्हणाले, लवकर आला असता तर श्वासनळ्या जास्त मोकळ्या झाल्या असत्या. आता जेवढं गेलं ते गेलं, उरलेलं सांभाळायचं.

प्रत्येक खाज ॲलर्जी नसते

एका श्रोत्या ताईंनी विचारलंय : ‘लग्न होऊन आले तेव्हापासून वासरांचं सगळं माझ्याकडे आहे. हातावर गोल चट्टे आलेत, खूप खाजतात. दुकानातून आणलेल्या मलमाने आधी कमी झाले, आता अंगभर पसरलेत. ही ॲलर्जी का?’

ताई, तुमच्या वासराच्या डोळ्यांभोवती, मानेवर राखाडी, खपल्यांचे चट्टे आहेत का ते बघा. असले तर ते गजकर्ण आहे, आणि ते तुम्हाला वासराकडून लागलेलं असू शकतं. दुकानातल्या बऱ्याच मिश्र मलमांत स्टेरॉइड असतं. त्याने खाज थांबते आणि बुरशी खुशाल वाढते. मलम बंद करा, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, आणि वासराचाही उपचार करा. नाहीतर तुम्ही बऱ्या व्हाल आणि पुन्हा तिथूनच घ्याल.

शेळ्या-मेंढ्यांवाल्यांनी आणखी एक ऐका. करडांच्या-कोकरांच्या ओठांवर फोड-खपल्या असतील आणि त्यांना हाताने पाजल्यावर तुमच्या बोटावर एक टणक, दुखरा फोड आला, तर तो विषाणूचा असू शकतो. फोडू नका, कापू नका. झाकून ठेवा, डॉक्टरांना दाखवा. साधारण महिना-दीड महिन्यात जातो.

आणि गोचिडांचं औषध फवारल्यावर तोंडाची, हाताची चुरचुर होत असेल तर ते औषधाचंच काम आहे. फवारताना हातमोजे, लांब बाह्या, वाऱ्याकडे पाठ. लगेच अंग धुवा.

‘जन्म गोठ्यात गेला, मला कसली ॲलर्जी?’

हा प्रश्न हमखास येतो, आणि तो अगदी चुकीचा नाही. गोठ्याच्या सान्निध्यात वाढलेल्या मुलांना दमा आणि ॲलर्जी कमी होते, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. अमेरिकेत आमिश आणि हटराइट हे दोन समाज आहेत, दोन्ही मूळचे मध्य युरोपातले, दोन्ही शेती करणारे. आमिशांची शेती घरची, मुलं गाई-घोड्यांत वाढतात. हटराइटांची शेती मोठी, यंत्रांची, आणि मुलं गोठ्यापासून लांब. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमिश मुलांमध्ये दम्याचं प्रमाण कितीतरी कमी आढळलं.

म्हणून पोरांना गोठ्यात खेळू द्या, वासराच्या गळ्यात पडू द्या. पण हे आयुष्यभराचं कवच नाही. तीस वर्षं काही न झालेल्या माणसालाही चाळिशीत ॲलर्जी सुरू होते. रोजचा संपर्कच कधीकधी शरीराला चिडवत नेतो.

मग गाई विकायच्या का?

निदान झालं त्या दिवशी आईने एसटीत एवढंच विचारलं. ‘म्हंजे आता गाई विकाव्या लागत्यात व्हय रं?’ आजाराची भीती तिच्या आवाजात नव्हती. त्या चार गाईंवर तिने आम्हा तिघांना शिकवलंय. दर दहा दिवसांनी येणारं दुधाचं बिल ही तिची स्वतःची कमाई आहे.

आम्ही गाई विकल्या नाहीत. कामं वाटून घेतली. खरारा, झाडलोट आणि कडबाकुट्टी भाऊ करतो, तेही आई गोठ्यात नसताना. कुट्टीवर आधी पाणी शिंपडतो, म्हणजे धूळ बसते. बुरशी चढलेली पेंढी सरळ उकिरड्यात. ताडपत्री वरच्या बाजूने हातभर उघडी. धुरीऐवजी मच्छरदाणी. आई धार काढते, पण एन-९५ मास्क लावून. तोंडाला बांधलेला पदर किंवा रुमाल हे बारीक कण अडवत नाही. गोठ्याची साडी गोठ्याशेजारीच बदलते, घरात आणत नाही. आणि फवाऱ्याचं औषध रोज घेते, त्रास असो नसो. त्याची ‘सवय लागते’ ही अफवा आहे. उलट बरं वाटलं म्हणून ते बंद करणारेच पुन्हा दवाखान्यात येतात.

ज्यांना एवढं करूनही त्रास कमी होत नाही, त्यांनी मात्र गोठ्याचं काम सोडण्याचा विचार डॉक्टरांशी बोलून करावा. तोही पराभव नाही.

आणि एक तातडीची गोष्ट. कधी अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, धाप, चक्कर हे सगळं मिनिटांत एकत्र आलं तर ती गंभीर ॲलर्जी आहे. गोठ्यात ती गांधीलमाशी किंवा मधमाशी चावूनही येते. माणसाला आडवं करून पाय उंच ठेवा, धाप असेल तर बसू द्या, १०८ ला फोन करा. यात मांडीत दिलेलं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन जीव वाचवतं. घरातल्या ॲलर्जीच्या गोळीवर वेळ घालवू नका.

तर मंडळी, या आठवड्यात तीनच गोष्टी करा. हाताला दोरीचा वेढा घ्यायची सवय मोडा. घरातल्या सगळ्यांचा धनुर्वाताचा शेवटचा डोस कधी झाला ते विचारा. आणि आज संध्याकाळी धारेच्या वेळी जरा कान देऊन ऐका, गोठ्यातून कुणाच्या खोकल्याचा आवाज येतोय का. येत असेल तर चहा खाली ठेवा, उठा आणि विचारा, ‘हे कधीपासून?’

प्रश्न पाठवत राहा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, जनावरांची आणि स्वतःचीही. नमस्कार.